गटकर्जाचा हिशेब: ४०,००० रुपये हातात येताना आणि परत जाताना

एका मायक्रोफायनान्स कंपनीचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचं, गटकर्ज मी घेतलं, शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडलं, आणि आता त्याबद्दल लिहिते आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या इचलकरंजीजवळच्या तारदाळ-खोतवाडी भागात जेवढे फायनान्सवाले फिरतात, त्यांची पिशवी वेगळी, शर्टाचा रंग वेगळा, पण कर्ज जवळपास एकसारखंच असतं. कर्जालाही इतर मालासारखी किंमत असते आणि ती सगळ्यांना सारखी लागत नाही. म्हणून दुकानातली वस्तू घेताना जशी चौकशी करतो तशी कर्जाचीही व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मी घरी गाऊन आणि परकर शिवते. व्यापाऱ्याकडून कटिंग केलेला माल येतो, नगावर शिलाई मिळते. नवरा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे. पायमशीनवर दिवसाला १२-१३ गाऊन व्हायचे, नगाला २० रुपये. जुकी म्हणजे विजेवरचं शिलाईमशीन आणि जोडीला कडा शिवायचं जुनं ओव्हरलॉक घेतलं तर दुप्पट काम निघेल हे मला माहीत होतं, काम द्यायला व्यापारीही तयार होता. अडत होतं ते फक्त ४०,००० रुपयांवर.

मिळण्याच्या बाबतीत या कर्जाला पैकीच्या पैकी गुण. पाच जणींचा गट केला. आधार, पॅन, नवऱ्याचं आधार, लाइटबिल. फायनान्सचा पोरगा घरी आला, घर बघितलं, उत्पन्न विचारलं, मोबाइलवर फोटो काढले. आठवड्याच्या आत पैसे खात्यात. तारण नाही, जामीनदार नाही. कुणी 'तुमचा व्यवसाय रजिस्टर आहे का' असं तोंड वर करून विचारलं नाही.

याच्या आधी मी बँकेत गेले होते. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मिळतं, ही योजना २०१५ पासून आहे, हे सगळं वाचून गेले होते. बँकेनं मशीनचं कोटेशन मागितलं, ते दिलं. मग उद्यमचं, म्हणजे छोट्या धंद्याच्या नोंदणीचं सर्टिफिकेट, ते मुलीनं मोबाइलवर काढून दिलं. मग साहेब रजेवर, मग दुसरे साहेब, मग 'तुमच्या खात्यात उलाढाल दिसत नाही'. व्यापारी शिलाई रोख देतो, ती खात्यात कशी दिसणार? एक खेप म्हणजे अर्धा दिवस, म्हणजे सहा-सात गाऊनची शिलाई बुडाली. बँकेच्या कर्जाचा दर कमी असतो खरा, पण तिथवर पोचण्याचा खर्च त्या दरात कुणी धरत नाही. ज्याला महिन्याचा पगार खात्यात येतो त्याला तो खर्च पडतच नाही. त्याला उलट बँकेचेच फोन येतात, कर्ज घ्या म्हणून.

आता किमतीचं बोलू.

कंपनीचे सर (वय असेल २३-२४, पण आम्ही सगळ्या सरच म्हणतो) मीटिंगमध्ये म्हणाले, "ताई, महिन्याला शेकडा एक रुपया बारा पैसे पडतंय बघा. सावकार पाच घेतोय." ऐकायला एकदम स्वस्त. २४ महिने, महिन्याला २,११५ रुपये. सगळ्यांनी मान हलवली. माझी मुलगी बी.कॉम.ला आहे, तिनं रात्री लोनकार्ड बघितलं. त्यावर वर्षाला २४ टक्के लिहिलेलं होतं. दोन्ही आकडे खरे आहेत. बारा पैशांचा हिशेब पूर्ण २४ महिने ४०,००० माझ्याकडंच आहेत असं धरून केलेला असतो. प्रत्यक्षात दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, वर्षानंतर माझ्याकडं निम्म्याच्या थोडे वरच पैसे उरलेले असतात. घटत्या शिल्लकेवर मोजलं की २४ टक्के. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं वर्षाचा दर कार्डावर आणि माहितीपत्रकात लिहावाच लागतो, म्हणून तो तिथं होता. मीटिंगमध्ये तो कुणी वाचून दाखवला नाही.

शिवाय हातात ४०,००० आलेच नाहीत. प्रोसेसिंग फी १ टक्का, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ४७२ रुपये. नवराबायकोच्या विम्याचे १,१२८. खात्यात जमा झाले ३८,४००, आणि व्याज लागलं ४०,००० वर. हातात आलेल्या रकमेवर मुलीनं मोजून दाखवलं तेव्हा दर २८ टक्क्यांच्या वर गेला. दोन वर्षांत भरले ५०,७६०.

हेच ४०,००० कुणी साडेनऊ टक्क्यांनी घेतले असते, म्हणजे गाडी घेणाऱ्या नोकरदाराला मिळतात तसे, तर दोन वर्षांचं व्याज ४,०८० च्या आसपास झालं असतं. माझं झालं १०,७६०. त्याची गाडी दाराशी उभी राहते आणि माझं मशीन रोज दहा तास चालतं, तरी माझ्या पैशाला अडीच पटीहून जास्त भाव.

आमच्याच गावातलं उदाहरण मला जास्त टोचतं. केंद्र सरकारची टफ नावाची योजना १९९९ ला आली. कापडधंद्यात नवी यंत्रं यावीत म्हणून. मालकानं नवे माग घ्यायला कर्ज काढलं की व्याजदरातले ५ टक्के सरकार भरायचं. इचलकरंजीत रॅपिअर आणि एअरजेट असे नवे, वेगवान माग आले त्यात या योजनेचा वाटा मोठा आहे. मालकांना ते मिळालं याचं मला वाईट वाटत नाही, धंदा टिकला तर आमचीही चूल पेटते. पण यंत्र घेतो म्हणून मदत करायची असेल तर शिलाईमशीनही यंत्रच आहे. कोटीचं कर्ज घेणाऱ्याचं व्याज सरकारनं उचललं आणि त्याच मागावर १२ तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बायकोनं ४०,००० ला २४ टक्के भरले. दहा वर्षांनी मालकाच्या शेडमध्ये किती माग असतील आणि आमच्या घरात काय असेल, याचा बराचसा निकाल या दोन दरांतच लागतो. लोक म्हणतात गरीब-श्रीमंतातलं अंतर शिक्षणामुळं वाढतं, कष्टामुळं वाढतं. असेलही. पण पैशाला कुणी किती भाव मोजतो ह्याच्याकडं कुणी बघत नाही.

कंपनीची बाजूही सांगायला हवी. ती स्वतः बँकेकडूनच पैसे उचलते, ते तिला फुकट मिळत नाहीत. ४०,००० च्या कर्जाला कागद, घरभेट, वसुली सगळं ४ लाखांच्या कर्जाएवढंच लागतं. सर गाडीवरून ऊन-पावसात गावोगाव फिरतात, पेट्रोल आहे, पगार आहे, काही पैसे बुडतातही. हे सगळं धरूनही २४ टक्के मला पटत नाही, पण 'लुटारू' म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही. बँकांनी थेट आमच्या दारात यायचं टाळलं, मधे एक दुकान उभं राहिलं, आणि त्या दुकानाचा खर्च आमच्या हप्त्यातून निघतो.

नियमांचा प्रवासही माहीत असावा. २०१० मध्ये आंध्रात अशा कर्जांवरून मोठा हाहाकार झाला, आत्महत्या झाल्या. मग रिझर्व्ह बँकेनं मालेगाम समिती नेमली आणि २०११ पासून या कंपन्यांच्या व्याजावर मर्यादा आली. १ एप्रिल २०२२ पासून ती मर्यादा काढली. आता दर कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं, तो अवाजवी नसावा एवढीच अट. ऑक्टोबर २०२४ मध्ये जादा दर लावल्याबद्दल रिझर्व्ह बँकेनं चार कंपन्यांना नवी कर्जं देण्यापासून रोखलं, म्हणजे लक्ष अगदीच नाही असं नाही. दुसरीकडं आपल्या राज्यात परवानाधारक सावकारानं बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ठरलेला दर १८ टक्के आहे. तो कायदा या कंपन्यांना लागत नाही, कारण त्या रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. म्हणजे कायद्यानं चालणाऱ्या सावकाराचा दर कमी आणि कंपनीचा जास्त. गावात कायद्यानं चालणारा सावकार कितपत सापडतो हा भाग वेगळा. शेकडा पाचवाला मात्र हाकेच्या अंतरावर असतो, आणि त्याच्या मानानं फायनान्स बरं, असं बायका म्हणतात ते खरंच आहे.

सेवेबद्दल. महिन्यातून एकदा सकाळी सेंटरची मीटिंग, गटातल्या एकीच्या ओसरीवर. आधी सगळ्यांनी मिळून प्रतिज्ञा म्हणायची, मग हप्ते मोजायचे. सर कधी अरेरावीनं बोलले नाहीत. पण सगळ्या हप्त्यांची रक्कम पूर्ण होईपर्यंत कुणी उठायचं नाही, हा तिथला खरा नियम. एकीचे ५०० कमी पडले तर बाकीच्यांनी घालायचे. तारण नाही म्हणतात, पण शेजारणीची तोंडओळख, भिशीतला विश्वास, हळदीकुंकवाचं येणंजाणं, हेच तारण ठेवलेलं असतं.

आमच्या गटातल्या एका बाईच्या नवऱ्याचा मागावर हात सापडला. दीड महिना घरी. मालकानं सुरुवातीचा दवाखाना केला, घरी बसलेल्या दिवसांची मजुरी काही मिळाली नाही, कारण तो हजेरीपत्रकावर कधी नव्हताच. पहिला हप्ता आम्ही वर्गणी काढून भरला. दुसऱ्या वेळी कुजबुज झाली. तिसऱ्या वेळी ती मीटिंगला यायच्या आधी कानातलं मोडून आली होती आणि कुणाकडंही न बघता पैसे पुढं ठेवले. त्यानंतर ती आमच्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. सर तेव्हा बाजूला मोबाइल बघत बसले होते. त्यांना काही करावंच लागलं नाही, दबाव आम्हीच आणला. या कर्जातलं मला सगळ्यात न आवडलेलं हेच. अपघाताचं ओझं मालकावर पडायला हवं होतं, विम्यावर पडायला हवं होतं. ते पाच बायकांच्या ओसरीवर येऊन पडलं.

नियम असा आहे की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तरच हे कर्ज मिळतं, आणि सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत. निम्मे! दोन लाख कमावणाऱ्यानं लाख हप्त्यात घातले तरी लाख उरतात. वीस हजारांतले दहा गेले तर उरलेल्या दहात भाडं, गॅस, किराणा, शाळा आणि आजारपण. आमच्याकडं यंत्रमागाला मंदी आली की काम तीन-चार दिवसांवर येतं, पण कागदावरचं उत्पन्न मात्र भरल्या महिन्याचं असतं. हप्ता हलत नाही, म्हणून हलतं ते बाकीचं. पहिलं दूध कमी होतं. मग डाळ पातळ होते. मग क्लासची फी पुढच्या महिन्यावर जाते. एका घरी मोठ्या मुलीचं कॉलेज बंद करून तिला मेंडिंगला, म्हणजे कापडातले दोष काढायच्या कामाला, पाठवलेलं मी बघितलं आहे. ती हुशार होती. आता तिचं उत्पन्न पुढच्या कर्जाच्या फॉर्मवर धरलं जातं.

मग एकाचं काढून दुसऱ्याचं भरायचं सुरू होतं. एका गल्लीत सोमवारी एका कंपनीची मीटिंग, बुधवारी दुसरीची. २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापूर-सांगली भागात बायकांनी हप्ते थांबवा म्हणून मोर्चे काढले, ते यातूनच. पाण्यात घर गेलं होतं, हप्ता जागेवर होता.

मुलगी मला सांगत होती, १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखतं आणि रोखे बाहेर काढून जाळले. माणसांना फारसा हात लावला नाही, कागद जाळले. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आता तसा कागदच नाही. सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडं, नाव गेलं की ते इथंही दिसतं, पुण्यातही दिसतं, आणि उद्या मुलाच्या शिक्षणासाठी सहकर्जदार म्हणून सही करायला गेलात तर तिथंही दिसतं. दोन हप्ते चुकलेल्या बाईला पुढचं स्वस्त कर्ज मिळायची वाट बंद होते आणि महाग कर्जाची उघडी राहते.

मुलीच्याच वाचनातली दुसरी गोष्ट. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या १ टक्का लोकांकडं संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. खालच्या निम्म्या लोकांकडं जेमतेम ६.४ टक्के. बँक पहिल्यांदा काय विचारते? तुमच्या नावावर काय आहे. घर सासऱ्यांच्या नावावर, शेती दिरांच्या, मंगळसूत्र तेवढं माझं. ज्याच्याकडं आहे त्याला स्वस्तात आणखी मिळतं, आणि त्यातून आणखी होतं. पुढच्या वर्षी हा आकडा वर गेला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मग बचत गट? आमचा उमेद या सरकारी अभियानातला गट आहे, मी सचिव आहे, वह्या मीच लिहिते. बँकेकडून गटाला ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं. वेळेवर फेडलं तर राज्य सरकार व्याजाचा परतावाही देतं. यापेक्षा चांगलं कर्ज बाईला कुठं मिळत नाही, हे मी ठामपणे सांगते. अडचण अशी की गट जुना व्हावा लागतो, मीटिंग, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे सगळं नीट लागतं, आणि पहिली रक्कम दहा जणींत वाटली की एकीच्या वाट्याला १५,००० येतात. माझं मशीन त्यात बसत नव्हतं. रक्कम वाढवून मिळायला पहिली फेड पूर्ण व्हावी लागते. तोवर ज्या घरात आज दवाखाना आहे ते थांबू शकत नाही, आणि फायनान्सचं दुकान तिथंच चालतं.

बायकांना हिशेब कळत नाही म्हणून त्या महाग कर्ज घेतात, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट प्रसिद्ध आहे. बायका निरक्षर म्हणून सुरुवातीला परवाना नाकारला, तेव्हा त्या बायकांनीच रिझर्व्ह बँकेत जाऊन सांगितलं, आम्हाला तोंडी व्याज काढायला सांगा. १९९७ ला बँक सुरू झाली. आमच्या गटातली सगळ्यात कमी शिकलेली मावशी दर महिन्याच्या हप्त्यात व्याज किती ते बोटांवर सांगते. कळत सगळ्यांना असतं. दुसरं दार उघडं नसतं.

माझं मशीन चांगलं चाललंय. आता दिवसाला २५ च्या आसपास गाऊन निघतात, सीझनला जास्त. वीज, दोरा, सुई जाऊनही हप्ता शिलाईतून निघाला, एकदाही उसनवार करावी लागली नाही. म्हणून हे कर्ज घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पाचपैकी अडीच तारे देते; मिळण्याच्या सोयीमुळं दोन, आणि सरांच्या वागण्यामुळं अर्धा. किमतीला शून्य.

कुणाला घ्यायचंच असेल तर ते कमाईच्या वस्तूसाठी घ्या, आणि काम हातात असेल तेव्हाच. लग्न, बारसं, घराचा रंग, जुना हप्ता, यासाठी अजिबात नको. सही करायच्या आधी माहितीपत्रकावरचा वार्षिक दर स्वतः वाचा, शेकड्याचा हिशेब ऐकून घेऊ नका. हातात नेमके किती येणार आणि एकूण किती भरायचे, हे दोन आकडे कार्डाच्या मागं लिहून ठेवा. पैसे आले तर मुदतीआधी फेडता येतं, त्याला दंड लावता येत नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायची परवानगी नाही, आणि ठरलेली जागा सोडून घरी यायचं तर लागोपाठ दोनदा गैरहजर राहिल्यावरच. कुणी ऐकलं नाही तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. १४४४८ या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

शेवटचा हप्ता भरला त्याच दिवशी सर म्हणाले, ताई, तुमचं रेकॉर्ड एक नंबर आहे, आता ८०,००० मिळतील. मी दर विचारला. तोच होता, २४. दोन वर्षं एक दिवस न चुकवता फेडलेल्या बाईला अर्धा टक्कासुद्धा कमी नाही. मी नको म्हणाले. बचत गटाच्या पुढच्या कर्जाचा प्रस्ताव बँकेत दिला आहे, त्याला लागणाऱ्या ठरावावर दहाच्या दहा जणींच्या सह्या झाल्या आहेत. कानातलं मोडलेल्या त्या बाईलाही आम्ही गटात घेतलं आहे.